नियम वरून, पैसे घरून

माउलींची पालखी माळशिरसला कोणत्या तारखेला मुक्कामी येणार, हे आधीच छापून येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर. सदाशिवनगरला रिंगण, खुडूस फाट्याला रिंगण. लाखो माणसे पायी येतात आणि तारीख चुकत नाही.

त्याच आषाढात इंजिनिअरिंगची पहिली यादी कधी लागणार, हे विचारून बघा. वेळापत्रक येते. मग सुधारित वेळापत्रक येते. मग मुदतवाढ येते, आणि मुदतवाढीला पुन्हा मुदतवाढ.

वारीला जे जमते ते सीईटी सेलला का जमू नये?

चांगल्या कॉलेजात जागा थोड्या आणि मागणारे फार, हे माळशिरसच्या पोरांनाही कळते. स्पर्धेला ती भीत नाहीत. रात्रीच्या लाइटीला उसाला दारे धरणारा बाप त्यांनी पाहिला आहे, जागरणाचे त्यांना काय? त्यांना धडकी भरते ती नियमांची. पोरगं पळायला लागल्यावर शर्यतीचा रस्ता बदलायचा, आणि वर परिसंवाद घ्यायचे की ग्रामीण विद्यार्थी मागे का पडतात.

आधी रस्ता कोण कोण कितीदा बदलतो, ते पाहू.

२०१३ मध्ये इंजिनिअरिंगला राज्याची सीईटी होती. २०१४ मध्ये ती गेली आणि केंद्राची जेईई मेन आली. निम्मे वजन जेईईला, निम्मे बारावीला. क्लासवाल्यांनी पाट्या बदलल्या, पुस्तके बदलली, फी वाढवली. २०१६ मध्ये जेईई गेली आणि सीईटी परत आली. पाट्या पुन्हा बदलल्या.

फी तेवढी खाली आली नाही.

मेडिकलवाल्यांचे हाल त्याहून वाईट. २०१३ मध्ये नीट झाली, आणि जुलैत सुप्रीम कोर्टाने ती बाद ठरवली. २०१६ मध्ये २८ एप्रिलला कोर्टानेच सांगितले की याच वर्षीपासून नीट. राज्याची सीईटी होती ५ मेला. परीक्षा आठवड्यावर आली आणि तिचे मार्क धरणार की नाही, ते कुणालाच माहीत नाही. २४ मेला केंद्राने वटहुकूम काढून राज्यांना वर्षभराची सवलत दिली, तेव्हा कुठे त्या मार्कांना अर्थ आला.

त्या महिन्यात पोरांनी अभ्यास कशाचा करायचा होता? केमिस्ट्रीचा की वटहुकमांचा?

आता सप्टेंबर २०२० चा एकच आठवडा घ्या. ८ तारखेला वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत जाहीर केले, मेडिकलचा ७०:३० हा प्रादेशिक कोटा रद्द. ९ तारखेला सुप्रीम कोर्टाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. १३ तारखेला नीट.

सहा दिवसांत विभागही बदलला, प्रवर्गही बदलला. मग पेपर.

प्रादेशिक कोटा जायलाच हवा होता. मराठवाड्यात कॉलेजे कमी, तिथल्या पोरांवर उघड अन्याय होत होता. पण निर्णय योग्य असला म्हणून परीक्षेच्या पाच दिवस आधी घ्यायचा? वर्षभर आधी तोच निर्णय घेतला असता तर कुणाच्या घरचे काय जाणार होते?

मराठा घरातल्या पोराची गोष्ट तर तारखांनीच सांगता येते. २०१८ च्या नोव्हेंबरात एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, कायदा झाला, तेव्हा तो सातवीत. २०२० मध्ये स्थगिती आली, तेव्हा नववीत. ५ मे २०२१ ला कायदाच रद्द झाला. घरच्यांनी ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचे, कागद गोळा केले. २० फेब्रुवारी २०२४ ला विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा एसईबीसी कायदा मंजूर केला. त्याचा बारावीचा पहिला पेपर होता २१ फेब्रुवारीला.

दुसऱ्या दिवशी!

आरक्षण कुणाला आणि किती, हा वाद इथे नको, तो पारावर रोज रंगतोच. माझा प्रश्न साधा आहे. फॉर्मवर प्रवर्गाच्या रकान्यात काय भरायचे, हे त्या पोराला किमान वर्षभर आधी कळायला नको?

दाखल्यांचेही तसेच. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता. यातला एखादा दाखला चालू आर्थिक वर्षाचाच लागतो, म्हणजे आधी काढून ठेवण्याची सोय नाही. भज-क च्या दाखल्यावर प्रवेश मागणारी धनगर वाड्यावरची मुलगी अभ्यासात पहिली असते आणि वैधतेच्या रांगेत शेवटची. मेमध्ये तहसीलसमोरच्या सेतू केंद्रात जाऊन बघा. सर्व्हर बंद. सर्व्हर चालू झाला की ओटीपी येतो बापाच्या मोबाइलवर, आणि बाप असतो रानात, जिथे रेंज नाही.

तोवर ओटीपीची मुदत संपते. मुदतवाढ मिळत नाही ती फक्त इथे.

आता २०२५ च्या सीईटीकडे या. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी तब्बल २१ प्रश्न चुकीचे निघाले. २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ५ मेला पुन्हा परीक्षेला बसावे लागले. पोराने एक पर्याय चुकीचा निवडला तर त्याचे कॉलेज जाते. इथे परीक्षा घेणाऱ्यांनी एकवीस चुका केल्या.

शिक्षा मात्र पोरांनाच. पुन्हा प्रवास, पुन्हा केंद्र, पुन्हा पोटात गोळा.

उत्तरतालिकेत तुम्हाला चूक सापडली, तर आक्षेप घ्यायची सोय आहे. प्रश्नामागे हजार रुपये. चूक त्यांची, शोधायची आम्ही, आणि शोधायचे पैसेही आम्हीच भरायचे?

त्यानंतर पर्सेंटाइल. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून सत्रातल्या सत्रात तुलना करून सात दशांश स्थळांपर्यंत आकडा काढतात. सूत्र जाहीर आहे, ते मान्य. पण माझ्या सत्रात कोण किती मार्कांवर थांबले हे मला दिसत नाही, मग माझा आकडा मी ताडून कसा पाहू? मारकडवाडी याच तालुक्यातली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गावाने आपल्याच मतांचा आकडा मतपत्रिकेवर पुन्हा तपासायचे ठरवले, आणि प्रशासनाने बंदी आदेश लावून ते होऊ दिले नाही. राजकारण बाजूला ठेवा. हिशेब दाखवा म्हणणारा हा तालुका आहे.

पोरांच्या आकड्याचा हिशेब मागायला मात्र कुठलेच गाव उभे राहत नाही.

बारावीच्या मार्कांचे तर विचारूच नका. त्यांना ५० टक्के वजन देण्याची घोषणा २०२२ मध्ये तेव्हाचे मंत्री उदय सामंत यांनी केली. पोरे त्यावर विसंबून बोर्डाच्या अभ्यासाला लागली. अंमलबजावणी झाली नाही. नंतर ठरले की २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा. चांगले आहे, एका वाईट दिवसावर आयुष्य टांगून राहणार नाही. पण दोनदा केंद्रावर जायचे म्हणजे गाडीभाडे दोनदा, मुक्काम दोनदा.

संधी दुप्पट. खर्चही दुप्पट. दुसरी गोष्ट घोषणेत नव्हती.

आता ज्या नियमाने माळशिरसला सर्वांत जास्त चटका बसतो आणि ज्याच्याविषयी तालुक्यात सर्वांत कमी बोलले जाते, त्याकडे येतो. होम युनिव्हर्सिटी.

विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांत राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. २००४ पर्यंत आमचा सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. सातारा, सांगली, कोल्हापूर ही सगळी घरचीच हद्द. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. एका जिल्ह्याचे विद्यापीठ. फटाके वाजले, आणि वाजायलाच हवे होते. प्रत्येक कामासाठी कोल्हापूर गाठण्याचा त्रास मिटला.

पण त्याच दिवशी माळशिरसच्या पोरासाठी ७० टक्क्यांची हद्द एका जिल्ह्यावर आली. हे भाषणात कुणी सांगितले?

नकाशा काढून बघा. माळशिरस जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. फलटण शेजारी, बारामती हाकेच्या पल्ल्याच्या जरा पलीकडे, सोलापूर शहर मात्र दूर. फलटण सातारा जिल्ह्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठ. बारामती पुणे जिल्ह्यात, म्हणून पुणे विद्यापीठ. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशा गावांत आमचे पोरगं बाहेरचे, आणि दूरच्या सोलापुरात घरचे.

कट-ऑफची यादी उघडा. जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस अशी अक्षरे दिसतील. शेवटचा एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचा, एस म्हणजे राज्यभराची जागा. मुलींच्या जागेला सुरुवातीला जी ऐवजी एल. एकाच कॉलेजात, एकाच शाखेला, एच आणि ओ यांच्या आकड्यांत फरक असतो. तो फरक पोराच्या हुशारीचा नसतो. तो त्याने बारावी कुठून दिली याचा असतो.

आणि इथेच खरा फास आहे. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी ज्या जिल्ह्यातून पास झालात त्यावरून. दहावीनंतर पोराला लातूरला टाकायची पद्धत आता आपल्याकडेही रुजली आहे. तिथल्या ज्युनिअर कॉलेजातून बारावी दिली, की पोराचे घर माळशिरसला, आईबाप माळशिरसला, जमीन माळशिरसला, आणि होम युनिव्हर्सिटी नांदेडची.

हे त्या बापाला कळते कधी? दोन वर्षांची फी भरून झाल्यावर, कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरताना.

दहावीच्या निकालाबरोबर एक पान छापून द्यायला काय हरकत होती? पण छापून द्यायचे तेव्हा सगळे ऑनलाइन, आणि ऑनलाइन व्हायचे तेव्हा संकेतस्थळ बंद. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर एका संकेतस्थळावर आणले. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरी भागांपुरती होती. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, आणि नोंदणी २६ मेला सुरू झाली. राज्यात जागा वीस लाखांहून जास्त, आणि मुले त्यापेक्षा कितीतरी कमी. गावातल्या कॉलेजात बाक रिकामे, आणि गावातले पोरगं यादीची वाट बघत घरी.

टंचाई नसताना रांग लावून दाखवणे, हे कसब खरेच.

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये तर पसंतीक्रमाला ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! माळशिरसच्या पोराने जन्मात तीन कॉलेजे आतून पाहिलेली नसतात. २०२५ पासून फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि नियमही कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यायचीच, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली मिळाली तर घ्यायचीच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यामागे कारण आहे. जागा अडवून ठेवणारे फार झाले होते. पण त्यामुळे पर्यायांचा क्रम हाच दुसरा पेपर झाला.

या पेपराचा अभ्यासक्रम नाही, शिक्षक नाही, आणि पुनर्परीक्षाही नाही.

पुण्यात तो पेपर सोडवून देणारे समुपदेशक आहेत, पैसे घेऊन. माळशिरसला सोडवून देतो सायबर कॅफेतला पोरगा, शंभर-दोनशे रुपयांत, मागे दहाजण उभे असताना. त्याने सहाव्या जागी चुकून कुठले कॉलेज टाकले आणि तेच तिसऱ्या फेरीत लागले, तर चार वर्षे तिथे.

आता पैशाचे बोलू. कारण प्रवेश मिळाला की आनंद एक रात्र टिकतो. सकाळी फीचा तक्ता दिसतो.

महाराष्ट्रात खासगी कॉलेजांचे हे दुकान उघडले १९८३ मध्ये. वसंतदादा मुख्यमंत्री होते. आपली पोरे देणग्या भरून कर्नाटकात इंजिनिअर व्हायला जात होती, तर इथेच विनाअनुदानित कॉलेजे काढू द्या, असा विचार झाला. तेव्हा तो चुकीचा नव्हता. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, त्याच राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. नंतर टी.एम.ए. पै, मग पी.ए. इनामदार असे फी-प्रवेशाचे खटले सुप्रीम कोर्टात गेले. इनामदार तर पुण्याचेच, निकाल २००५ चा. २०१५ मध्ये राज्याने शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. कायद्यांची कमतरता कधीच नव्हती.

सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सोलापूर जिल्ह्यात किती, ते मात्र कुणी मोजत नाही. पुण्याचे सीओईपी १८५४ चे, कराडचे १९६० चे. सोलापूरला सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, तंत्रनिकेतनही आहे. इंजिनिअरची सरकारी डिग्री हवी तर जिल्हा ओलांडा. शिकण्याआधी खोलीभाडे सुरू.

सरकार म्हणेल, आम्ही फी माफ केली की! जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. ९०६ कोटींचा जादा बोजा सरकारने उचलला. हा निर्णय मनापासून चांगला आहे. माझ्या तालुक्यात मुलीला बारावीनंतर ‘बघू’ म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. त्या ‘बघू’चा एक मोठा आधार या निर्णयाने काढून घेतला.

म्हणूनच त्याची अंमलबजावणी बघून जीव तुटतो.

माफी शिकवणी फीची. होस्टेल त्यात नाही, मेस त्यात नाही. प्रवेश कॅपमधून हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठे वगळलेली. आणि अनेक ठिकाणी आधी पूर्ण पैसे भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असे खिडकीवर सांगतात. असे सांगू नका म्हणून मंत्रालय पुन्हा पुन्हा बजावते. खिडकीवरचा माणूस मंत्रालयाला घाबरत नाही. त्याच्यासमोर उभी असलेली आई मात्र त्याला घाबरते. संस्थाचालक म्हणतात, सरकारकडूनच आमची प्रतिपूर्ती थकली आहे.

तेही खरे असते. म्हणून शेवटी उधारी बापाच्या नावावर.

आणि त्याच घरातला मुलगा? खुल्या गटात राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून त्याला निम्मी शिकवणी फी. राहिलेली निम्मी कुठून आणायची? धाकट्या बहिणीचे शिक्षण मोफत आणि थोरल्या भावाचे कर्जात, अशी घरे आज तालुक्यात आहेत. बहिणीचा हक्क बहिणीला मिळालाच पाहिजे. पण भावाच्या निम्म्या फीची सोय ती बापाच्या सातबाऱ्यावर बघायची का?

राहण्याखाण्याला योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. नावे मोठ्या माणसांची आहेत. ६० हजार म्हणजे महिन्याला पाच. पुण्यात पाच हजारांत खोली आणि मेस दोन्ही कुठे मिळतात, ते एखाद्या अधिकाऱ्याने स्वतः महिनाभर राहून दाखवावे. शिवाय हा पैसा येतो कधी? घरमालक पहिल्या तारखेला भाडे मागतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर ‘प्रलंबित’ लिहिलेले दाखवून कुठली मेस जेवण वाढते?

आता उसाचा हिशेब. इथे उसाशिवाय हिशेब पुरा होत नाही.

कारखान्याचे धुराडे पेटते दिवाळीच्या आसपास. बिल येते त्यानंतर. कॅपच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे फी भरायची तेव्हा ऊस रानात उभा, आणि घरात रोकड नाही. खत, लागण, बी-बियाणे, शाळेच्या वह्या, सगळ्यांनी एकाच महिन्यात हात पसरलेला. वर फेरीत नाव लागले की दोन-तीन दिवसांत कॉलेजला हजर व्हा, पैशांसह. नाहीतर जागा गेली.

दोन दिवसांत रोकड कोण देतो? बँक देत नाही. सावकार देतो, पतसंस्था दागिना बघून देते.

२०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. दोन एकरवाल्याने खोलीभाडे, मेस, फी हे सगळे टनात मोजून बघावे. अनेकांनी मोजले आहे. म्हणूनच चांगला पर्सेंटाइल असलेली पोरे आसपास मिळेल त्या कॉलेजात बसतात, आणि लोक म्हणतात, पोराला लांब जायची हिंमत नव्हती.

हिंमत होती. बिल नोव्हेंबरनंतर होते.

शैक्षणिक कर्ज घ्या, असा सल्ला मिळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली. विनातारण, विनाजामीन कर्ज, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. छान. पण ही सोय देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांपुरती, योजना आली तेव्हा ८६०. म्हणजे ज्याला उत्तम कॉलेज मिळाले त्याला स्वस्त कर्ज. मधल्या कॉलेजात अडकलेल्याला, ज्याची नोकरीची खात्री सर्वांत कमी, त्याला महाग कर्ज.

अडलेल्याला जास्त व्याज, हे तर सावकारही करतो. त्यासाठी योजना कशाला?

या सगळ्या गोंधळाचा त्रास सगळ्यांना सारखा होतो, असे समजू नका. पैसेवाल्याचे पोरगं फेब्रुवारी-मार्चमध्येच एखाद्या खासगी विद्यापीठात जागा धरून ठेवते. तिथे स्वतःची परीक्षा, स्वतःची फी, शुल्क नियामक प्राधिकरणाचा हात पोचत नाही. जुलैत कॅपमध्ये चांगले लागले तर भरलेले पैसे सोडून इकडे येते, नाही लागले तर तिकडे जाते. यादी आठवडाभर पुढे गेली काय, नियम बदलला काय, त्याला झोप लागते. माळशिरसच्या पोराकडे दुसरी जागा धरून ठेवायला पैसे नसतात. त्याची सगळी भिस्त सरकारी यादीवर, आणि तीच सर्वांत बेभरवशाची.

सरकारवर ज्यांचा भरवसा सर्वांत जास्त, त्यांनाच सरकार सर्वांत जास्त ताटकळत ठेवते.

जगात दुसरीकडे काय करतात? अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९९७ मध्ये एक कायदा केला. राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळणारच. शाळा शहरातली असो की आडगावातली. पुढे ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठात मुले मावेनात, म्हणून तिथला टक्का खाली आणावा लागला. वाद झाले, कोर्टकज्जे झाले, फीची रडगाणी तिथेही आहेत. पण आडगावच्या शाळेतल्या मुलीला नववीत असतानाच ठाऊक असते, वर्गात वरच्या फळीत राहिले तर माझी जागा पक्की.

अकलूजच्या, नातेपुतेच्या, पिलीवच्या शाळेतल्या पहिल्या मुलीला आज असे काय पक्के माहीत आहे?

टेक्सासची नक्कल करा, असे म्हणत नाही. आपल्याकडे आरक्षण आहे, बोर्ड वेगळी आहेत, शाळांचे अंतर्गत मार्क कसे पडतात ते आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट उद्याही करता येते. पोरगं अकरावीत पाऊल टाकते त्या दिवशी जे नियम असतील, तेच त्याच्या प्रवेशापर्यंत राहतील. कोटा बदलायचा, परीक्षा बदलायची, बारावीचे वजन बदलायचे, होम युनिव्हर्सिटीची हद्द बदलायची, खुशाल बदला. पुढच्या तुकडीसाठी बदला. कोर्टाचा निकाल आला तर तिथे सरकारने उभे राहून चालू तुकडीसाठी संरक्षण मागावे, ते त्याचे कामच आहे.

होम युनिव्हर्सिटीचा नियम तर आजच तपासायला घ्यावा. जिल्ह्याच्या टोकावर राहणाऱ्या पोराला शेजारच्या विद्यापीठातही घरचे मानले तर कुणाचे नुकसान होणार आहे? मुंबईला आणि पुण्याला या प्रश्नाची झळ नाही, म्हणून तो प्रश्नच नाही, असे कसे चालेल? माळशिरससारखे सीमेवरचे तालुके राज्यभर आहेत.

आणि जागा मिळाल्याच्या पत्रावर चार वर्षांचे सगळे बिल छापा. शिकवणी फी, विकास निधी, होस्टेल, मेस, अनामत, यातले सरकार किती देणार आणि कोणत्या तारखेला देणार. बाकीचा हप्ता शेतकऱ्याच्या घरासाठी जानेवारीत घ्या. ऊस गेलेला असतो, बिल आलेले असते. कॉलेज काय जानेवारीत बंद असते?

कायद्याने हे अशक्य आहे, असे कुणी सांगू लागले तर त्याला १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश दाखवा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखाने तो पाळतात की चुकवतात, ते या तालुक्याला सांगायला नको. पण निदान आदेश आहे, तारीख आहे, व्याज आहे. त्यावर भांडता येते, साखर आयुक्तांच्या दारात बसता येते.

शिष्यवृत्तीला ना १४ दिवस, ना १५ टक्के. मुलीच्या हक्काचे पैसे वर्षभर थकले तर सरकारवर व्याज चढत नाही. बापाने काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जावर मात्र महिन्याच्या महिन्याला चढते.

येत्या निवडणुकीत प्रचाराची गाडी वाडीवस्तीवर येईल, तेव्हा रस्ता, पाणी, लाइट विचाराच. पण जोडीला हेही विचारा की थकलेल्या शिष्यवृत्तीवर सरकार व्याज देईल का, हो किंवा नाही. उत्तर लेखी मागा. आणि ‘बघतो’ म्हणाले, तर त्यांचे पोरगं कुठल्या कॉलेजात शिकते आणि त्याचे पैसे कोणत्या महिन्यात भरले, तेही तिथेच, चारचौघांत विचारा.